बफर वाढवूनही तडतड परत येते तेव्हा

घरच्या संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत रचू लागलेल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते. ड्रम, बास आणि कॉर्डचा एखादा ट्रॅक असेपर्यंत सगळे सुरळीत वाजते. पाच-सहा ट्रॅक झाले, त्यांवर रिव्हर्ब (घुमारा देणारा परिणाम) आणि कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारा परिणाम) बसले, की आवाजात तडतड सुरू होते, मध्येच क्षणभर आवाज तुटतो आणि कधी कधी तर सॉफ्टवेअर वाजायचेच थांबून इशाऱ्याची चौकट समोर येते. कोणालाही विचारले तरी उत्तर एकच मिळते : बफर, म्हणजे आवाज पुढे देण्यापूर्वी संगणक जमवतो तो साठा, वाढवा. बफर वाढवल्यावर तडतड बहुधा थांबतेही, पण मग कीबोर्डची पट्टी दाबल्यावर सूर उशिरा उमटू लागतो. म्हणून वाजवण्यापुरता बफर पुन्हा खाली आणला जातो, आणि त्याबरोबर तडतडही परत येते. पुढच्या गाण्यात हेच चक्र पहिल्यापासून सुरू होते.

हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. तडतड हे लक्षण आहे आणि त्याच्या मुळाशी निदान चार निरनिराळी कारणे असू शकतात : संगणकाला आवाजाचा हिशोब वेळेत पुरा करता येत नसेल, आवाजाची पातळी मर्यादेबाहेर गेली असेल, ध्वनिलहर मध्येच कापली गेली असेल किंवा सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने, हा आकडा) एकमेकांशी जुळत नसतील. यांपैकी बफरचा संबंध फक्त पहिल्या कारणाशी आहे. त्यामुळे कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी तडतड नेमकी कुठे आहे हे ठरवणे आवश्यक आहे, आणि ते ठरवायला फार वेळ लागत नाही.

आधी एक्स्पोर्ट करून पाहा

ज्या भागात तडतड ऐकू येते तेवढा भाग निवडून त्याची डब्ल्यूएव्ही फाइल एक्स्पोर्ट करावी. त्यानंतर संगीताचे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून ती फाइल साध्या प्लेअरमध्ये, त्याच हेडफोनवर ऐकावी. एक्स्पोर्ट करताना संगणकावर वेळेचे बंधन नसते. दहा सेकंदांच्या आवाजाचा हिशोब करायला त्याला वीस सेकंद लागले तरी फाइल निर्दोष तयार होते. म्हणून फाइल स्वच्छ वाजत असेल, तर गाण्यात दोष नाही, संगणक ते प्रत्यक्ष वाजवताना मागे पडत आहे. फाइलमध्येही तडतड असेल, तर ती गाण्याच्या सामग्रीतच आहे आणि बफर कितीही वाढवला तरी ती हटणार नाही. काही सॉफ्टवेअरांत एक्स्पोर्टच्या चौकटीत प्रत्यक्ष वेळेत वाजवत एक्स्पोर्ट करण्याचा पर्याय असतो. या चाचणीच्या वेळी तो बंद ठेवावा, नाहीतर निष्कर्ष फसवा निघतो.

जोडीला दुसरी खूण पाहावी. तोच भाग तीन-चार वेळा वाजवला असता तडतड दर वेळी त्याच ठिकाणी आली, तर दोष सामग्रीत असण्याची शक्यता मोठी; दर वेळी जागा बदलली, तर दोष प्रक्रियेत. मात्र यात एक पोटभेद आहे. माइकवरून किंवा बाहेरच्या सिंथवरून (कृत्रिम सूर निर्माण करणाऱ्या वाद्यावरून) ध्वनिमुद्रण चालू असतानाच संगणक मागे पडला असेल, तर ती तुटलेली जागा फाइलमध्ये कायमची मुद्रित होते आणि नंतर दर वेळी तिथेच ऐकू येते. त्याचा विचार पुढे केला आहे.

फाइल स्वच्छ आहे, तडतड फक्त वाजवताना आहे

बफर म्हणजे संगणकाने आवाजाचे किती नमुने एका दमात तयार करून पुढे द्यायचे त्याची संख्या. सॅम्पल रेट ४४,१०० असताना १२८ नमुन्यांचा बफर सुमारे २.९ मिलिसेकंदांचा होतो, २५६ चा ५.८, ५१२ चा ११.६ आणि १०२४ चा २३.२ मिलिसेकंदांचा. संगणकाने पुढचा घास एवढ्या वेळात तयार केला नाही, तर आवाजात खंड पडतो, आणि तो खंड आपल्याला तडतड म्हणून ऐकू येतो. बफर मोठा केला की मधल्यामध्ये आलेला एखादा अडथळा पोटात घालता येतो. पण ही पाण्याची टाकी आहे. पंपच कमी पडत असेल तर टाकी मोठी केल्याने पाणी वाढत नाही. हिशोबाचा सरासरी बोजाच संगणकाच्या आवाक्याबाहेर असेल, तर २०४८ च्या बफरवरही आवाज तुटतो, आणि अशा वेळी बफर वाढवत राहणे व्यर्थ आहे.

विलंबाची भीतीही जरा तपासून पाहावी. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत साधारण ३.४ मीटर जातो, म्हणजे तेवढ्या अंतरावरच्या स्पीकरसमोर बसून वाजवताना हा विलंब आपण मुकाट सोसतोच. सॉफ्टवेअर सिंथवर कॉर्ड किंवा सावकाश बास वाजवायचा असेल, तर २५६ चा बफर बहुतेकांना पुरतो. बोटांनी ड्रमचे पॅड वाजवणाऱ्याला मात्र १२८ ची गरज भासते. ६४ वा ३२ पर्यंत खाली जाण्याचा हट्ट नवख्याने धरू नये असे माझे मत आहे, कारण त्यातून मिळणारा लाभ कानाला जाणवण्याइतका नसतो आणि संगणकावर पडणारा ताण मात्र बराच वाढतो.

विंडोजवर काम करणाऱ्यांनी यानंतर ड्रायव्हर (संगणक आणि ध्वनीचे उपकरण यांना जोडणारा प्रोग्रॅम) पाहावा. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एमएमई किंवा डायरेक्टसाउंड निवडलेले असेल, तर तिथेच अर्धे दुखणे आहे. हे जुने मार्ग सर्वसाधारण वापरासाठी ठीक आहेत, पण कमी विलंबाने वाजवण्यासाठी ते योजलेले नाहीत. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ च्या सुमारास आणलेली एएसआयओ ही पद्धत याच कामासाठी आहे. ऑडिओ इंटरफेस (माइक, वाद्य आणि हेडफोन संगणकाला जोडणारे वेगळे उपकरण) असेल तर त्याच्या निर्मात्याने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. एएसआयओ फोर ऑल हा मोफत ड्रायव्हर संगणकाच्या अंगच्या साउंड कार्डासाठी उपयुक्त आहे, पण इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर उपलब्ध असताना तो मध्ये घालणे म्हणजे नसते दुखणे ओढवून घेणे होय. मॅकवर कोअर ऑडिओ हीच व्यवस्था असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

ब्लूटूथ हेडफोन वापरत असल्यास ते बाजूला ठेवून तारेचे लावावेत. ब्लूटूथमध्ये आवाज संकुचित करून पाठवणे आणि पुन्हा उलगडणे यांत सामान्यतः १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो, आणि बफर कमी करून तो भरून निघत नाही.

ड्रायव्हर योग्य असूनही आवाज तुटत असेल, तर प्रश्न बोजाचा आहे, आणि इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ३० टक्के दाखवतो, आणि तरीही तडतड ऐकू येते. मग संगणक सक्षम असून सॉफ्टवेअरच सदोष आहे असा ग्रह होतो. वस्तुतः टास्क मॅनेजरचा आकडा सर्व कोअरची सरासरी असतो. एका ट्रॅकवरील सिंथ, त्यापुढचा इक्वलायझर (उंच-खालच्या स्वरांची पातळी बदलणारा), त्यापुढचा रिव्हर्ब ही साखळी मात्र क्रमाने सोडवावी लागते, कारण आधीच्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्याला काम सुरू करता येत नाही; त्यामुळे ती सर्वसाधारणपणे एकाच कोअरवर चालते. तो एक कोअर भरला की बाकीचे रिकामे असले तरी आवाज तुटतो. म्हणून सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या मीटरकडे पाहावे, कारण ठरलेल्या मुदतीतला किती वेळ हिशोबात गेला हे तोच दाखवतो.

दोषी ट्रॅक शोधण्यासाठी तो म्यूट करून पाहणे पुरेसे नाही. अनेक सॉफ्टवेअरांत म्यूट केलेल्या ट्रॅकचा हिशोब पडद्यामागे चालूच राहतो आणि मीटर तसूभरही खाली येत नाही. त्यावरचे प्लगइनच, म्हणजे सिंथ, रिव्हर्ब असे जोडलेले छोटे प्रोग्रॅमच, निष्क्रिय करावे लागतात. निम्मे ट्रॅक एकदम निष्क्रिय करावेत. मीटर उतरला तर दोषी त्या निम्म्यांत आहे, नाहीतर उरलेल्यांत. त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे केले की वीस ट्रॅकांच्या प्रकल्पातही चार-पाच पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो.

इलेक्ट्रॉनिक संगीतात हा गुन्हेगार बहुधा कॉर्डचा रुंद, पसरट ध्वनी असतो, आणि त्याचा हिशोब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. सिंथमध्ये दोन ऑसिलेटर (मूळ ध्वनिलहर तयार करणारे भाग) आहेत, प्रत्येकाला आठ आवाजांचा युनिसन दिला आहे, म्हणजे तोच सूर आठ प्रतींत एकदम वाजतो, आणि चार स्वरांची कॉर्ड वाजते आहे असे धरू. एका वेळी ६४ ऑसिलेटर चालू झाले. आता गती १२० बीपीएम (मिनिटाला १२० मात्रा) असून दर चार मात्रांना, म्हणजे दर दोन सेकंदांना कॉर्ड बदलते, आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विझायला लागणारा वेळ) चार सेकंदांचा ठेवला आहे. पट्टी सोडल्यावरही आधीच्या दोन कॉर्ड विझत विझत वाजत राहतात, म्हणून प्रत्यक्षात १९२ ऑसिलेटर एकाच वेळी चालू असतात. गाण्याच्या पहिल्या चार सेकंदांत सगळे ठीक असते आणि तडतड नंतर सुरू होते, त्याचे कोडे पुष्कळदा यात सुटते.

उपायही यातूनच निघतो. युनिसन आठवरून चारवर आणला तर बोजा निम्मा होतो, आणि संपूर्ण गाण्यात मिसळल्यावर तो फरक सहसा ओळखू येत नाही. रिलीज अर्ध्या सेकंदावर आणून रेंगाळणारी शेपटी रिव्हर्बकडे सोपवावी. तो रिव्हर्बही प्रत्येक ट्रॅकवर वेगळा न बसवता एकाच सेंड ट्रॅकवर ठेवून सर्वांनी त्यातच आवाज पाठवावा. सहा रिव्हर्बांचे काम एक करतो आणि सगळी वाद्ये एकाच खोलीत वाजत असल्याचा आभासही अधिक चांगला होतो. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (हिशोब अधिक नमुन्यांवर करण्याची सोय) असेल तर ते रचना करताना बंद ठेवून अंतिम एक्स्पोर्टच्या वेळी चालू करावे.

ज्या ट्रॅकचे काम झाले आहे तो फ्रीझ करावा. फ्रीझ केल्यावर सॉफ्टवेअर त्या ट्रॅकची ध्वनिफाइल तयार करते आणि सिंथला विश्रांती देते. बदल करायचा झाल्यास फ्रीझ काढता येतो. अ‍ॅपलच्या गॅरेजबँड या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ट्रॅक लॉक केल्याने होते. ज्या सॉफ्टवेअरात अशी सोय नाही, तिथे ट्रॅक वेगळा एक्स्पोर्ट करून नव्या ट्रॅकवर आणावा, मात्र मूळ सिंथ ट्रॅक काढून न टाकता निष्क्रिय करून ठेवावा.

कधी कधी बफर १२८ असूनही सूर उशिरा उमटतो आणि तडतडही नसते. अशा वेळी मास्टर ट्रॅक, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तो, तपासावा. पुढचा आवाज आधी पाहून काम करणारे लिमिटर (पातळी ठराविक मर्यादेवर जाऊ न देणारे) आणि लिनिअर फेज प्रकारचे इक्वलायझर यांना स्वतःचाच विलंब असतो, आणि सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळावेत म्हणून सॉफ्टवेअर बाकीच्यांनाही तितकेच मागे खेचते. वाजवताना हे प्लगइन निष्क्रिय ठेवणे एवढाच इलाज आहे. बफरशी झटापट करून काही साधत नाही.

संगणकाच्या बाजूने पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. लॅपटॉप चार्जरवर असावा आणि ऊर्जा बचतीचा पर्याय बंद असावा, कारण बचतीसाठी प्रोसेसरचा वेग खाली आला की मुदत चुकते. तापलेला प्रोसेसरही स्वतःहून मंदावतो. इंटरफेस यूएसबी हबमधून न जोडता थेट संगणकाला जोडावा. सॉफ्टवेअरचा मीटर २० टक्क्यांवर असूनही विंडोजवर अधूनमधून खट्ट असा आवाज येत असेल, तर संशय वायफाय किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्यावा. लेटन्सीमॉन हा मोफत प्रोग्रॅम काही मिनिटे चालवला की कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते नावानिशी दिसते. वायफाय बंद करून फरक पडतो का, हे त्याआधीच पाहून घ्यावे.

तडतड फाइलमध्येच आहे

सर्वांत आधी मास्टरचा मीटर पाहावा. तो सर्वांत जोरकस भागात लाल होत असेल, तर ती तडतड म्हणजे छाटलेल्या लहरींचा आवाज आहे. बहुतेक सॉफ्टवेअर आतला हिशोब ३२ बिट फ्लोट या शून्य डेसिबलच्या वरचे आकडेही सामावणाऱ्या पद्धतीने करतात, त्यामुळे एखादा ट्रॅक शून्य डेसिबलच्या वर गेला तरी पुढे मास्टरचा फेडर (पातळीचा सरकता दांडा) खाली ओढल्यावर नुकसान भरून निघते. पण १६ किंवा २४ बिटच्या फाइलमध्ये शून्याच्या वरचे काहीच मावत नाही, आणि जे मावत नाही ते कापले जाते. दोन अगदी सारखे आवाज एकत्र आले की पातळी ६ डेसिबलने वाढते. किक (ड्रममधला मोठा, खोल ठोका) आणि बास एकाच क्षणी, एकाच स्वरावर आले की जवळपास तसेच घडते, म्हणून तडतड बहुधा मात्रेच्या ठोक्यावरच ऐकू येते. सगळे ट्रॅक एकत्र निवडून फेडर ६ डेसिबलने खाली आणावेत आणि आवाज हेडफोनच्या बटणाने वाढवून ऐकावे. मास्टरवर लिमिटर चढवून लाल दिवा विझवणे ही पळवाट आहे. छाटणी कमी उग्र होते एवढेच. एमपीथ्री करायची असल्यास शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण संकुचित केलेला आवाज उलगडताना शिखरे किंचित वर सरकतात.

मीटर ठीक असून तडतडीऐवजी एकेकटे टिक ऐकू येत असतील, तर लहर कुठे कापली गेली आहे ते शोधावे. ५० हर्ट्झच्या बासची एक लहर २० मिलिसेकंदांची असते. लूपचा तुकडा तिच्या माथ्यावर कापला, तर स्पीकरच्या पडद्याला त्या उंचीवरून एका नमुन्याच्या अवधीत शून्यावर यावे लागते, आणि ती उडी टिक म्हणून ऐकू येते. उंच स्वरांची लहर इतकी आखूड असते की कापण्याची जागा शून्यापाशी सापडणे सोपे जाते. बासचे तसे नाही, आणि उंच स्वरांचा आवाज बासमध्ये मुळात नसल्याने ती टिक झाकलीही जात नाही. तुकड्याच्या दोन्ही टोकांना ३ ते ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणे वा उतरवणे) दिला की काम भागते. ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादकात निवड केल्यावर झेड कळ दाबली, की निवडीच्या कडा जवळच्या शून्य छेदावर, म्हणजे लहर शून्यातून जाते त्या बिंदूवर, सरकतात.

तुकडा कापलेलाच नसेल आणि टिक सिंथच्या प्रत्येक सुराच्या आरंभी येत असेल, तर एन्व्हलपमधील (सुराच्या चढउताराच्या आराखड्यातील) अटॅक, म्हणजे सूर चढायला लागणारा वेळ, शून्यावर आहे का ते पाहावे. तो २ ते ५ मिलिसेकंद केल्याने बासचा जोर कमी होत नाही. टिक सुराच्या शेवटी असेल तर हाच उपाय रिलीजला लावावा. एका वेळी एकच सूर वाजवणाऱ्या बासमध्ये सूर एकमेकांवर चढत असतील, तर आधीचा सूर पुढच्या सुराच्या थोडा आधी संपवावा. किकच्या आरंभीची टिक मात्र बहुधा मुद्दामच ठेवलेली असते. तिच्यामुळेच लहान स्पीकरवर किक ऐकू येते, तेव्हा ती घालवण्याच्या मागे लागू नये.

सॅम्पल रेटचा घोळ ओळखणे सोपे आहे. ४४,१०० वर मुद्रित झालेला आवाज रूपांतर न होता ४८,००० वर वाजला, तर तो जवळजवळ नऊ टक्के वेगाने आणि सुमारे दीड अर्धस्वर वर वाजतो. इतका उघड फरक नसून ठराविक अंतराने बारीक टिकटिक होत असेल, तर इंटरफेस, संगणकाची ध्वनिव्यवस्था आणि प्रकल्प या तिन्ही ठिकाणचा आकडा एकच करावा. गॅरेजबँड ४४,१०० वरच चालते, म्हणून तिथे इंटरफेसलाही तोच आकडा द्यावा. काम चालू असताना ब्राउझर बंद ठेवणे इष्ट, कारण तिथे लागलेला एखादा व्हिडिओ काही उपकरणांचा सॅम्पल रेट परस्पर बदलू शकतो.

आता ध्वनिमुद्रणातच मुद्रित झालेल्या तुटक जागांकडे येऊ. एखादीच टिक असेल, तर लहर पडद्यावर पुरेशी मोठी (झूम) करून त्या जागेवर ऑडॅसिटीतील रिपेअर हा परिणाम द्यावा. तो एका वेळी जास्तीत जास्त १२८ नमुन्यांवर चालतो, म्हणजे ४४,१०० वर सुमारे २.९ मिलिसेकंदांवर. त्याहून मोठा खंड असेल किंवा अशा जागा अनेक असतील, तर दुरुस्तीत वेळ घालवण्यापेक्षा तो भाग पुन्हा मुद्रित करावा. गायन किंवा बाहेरचे वाद्य मुद्रित करताना इंटरफेसवरील डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवावा. गायकाला स्वतःचा आवाज संगणकात न शिरता थेट ऐकू येतो, त्यामुळे बफर निर्धास्तपणे ५१२ किंवा १०२४ ठेवता येतो आणि मुद्रणात खंड पडण्याचा धोका जवळजवळ राहत नाही.

पुढच्या गाण्यात पुन्हा तेच होऊ नये म्हणून

रचना आणि मिश्रण ही दोन कामे एकाच बफरवर एकाच वेळी करण्याचा आग्रह सोडला, तर चक्र बऱ्याच अंशी तुटते. वाजवण्याच्या टप्प्यात बफर १२८ किंवा २५६ ठेवावा, मास्टर मोकळा ठेवावा आणि जड प्लगइन घेऊ नयेत. वाजवणे संपले की बफर १०२४ वर नेऊन मग मिश्रणाला बसावे. त्या टप्प्यात पट्टी उशिरा वाजते की वेळेवर, याला काही महत्त्व उरत नाही. मिश्रण चालू असताना नवा सूर सुचला आणि तो वाजवून पाहायचा असला, तर आतापर्यंतच्या गाण्याची स्टिरिओ फाइल एक्स्पोर्ट करून ती एका कोऱ्या प्रकल्पात आणावी आणि त्यावर नवा भाग वाजवून तो मूळ प्रकल्पात न्यावा. हे कंटाळवाणे वाटते खरे, पण सारे प्लगइन एकेक करून बंद करण्यापेक्षा ते लवकर होते.

बफर बदलला की मुद्रित भाग तालाच्या मागे किंवा पुढे पडू शकतो. चांगला ड्रायव्हर स्वतःचा विलंब सॉफ्टवेअरला कळवतो आणि सॉफ्टवेअर तेवढा भाग आपोआप मागे सरकवते, पण कळवलेला आकडा नेहमी खरा असतोच असे नाही. तो ताडून पाहण्यासाठी हेडफोनचा एक कान माइकला टेकवून मेट्रोनोमचे ठोके एका ट्रॅकवर मुद्रित करावेत आणि मुद्रित ठोका मूळ रेषेपासून किती दूर पडला ते लहर मोठी करून मोजावे. जेवढे मिलिसेकंद अंतर निघेल तेवढ्याने मुद्रण विलंबाच्या भरपाईच्या रकान्यातील आकडा बदलावा. ऑडॅसिटीत हा रकाना मुळात उणे १३० मिलिसेकंदांवर असतो आणि तो अनेक संगणकांवर जुळत नाही, म्हणून तिथे हे मोजमाप टाळू नये. ड्रायव्हर किंवा इंटरफेस बदलल्यास ते पुन्हा करावे लागते.